सात किलोचा ससा आणि वैरणीचा हिशोब

दुकानात जाऊन ‘जायंट आहे का?’ असं विचारलं की बहुतेक वेळा एक पांढरंशुभ्र, लाल डोळ्यांचं पिल्लू पुढ्यात येतं आणि ‘हेच, दहा किलोला जातं’ असं ठासून सांगितलं जातं. ते पिल्लू बहुधा न्यूझीलंड व्हाइट असतं, नाहीतर व्हाइट जायंट. या जाती, आणि त्यांच्याबरोबर ग्रे जायंट, सोव्हिएत चिंचिला, आपल्या देशात आणल्या त्या मुख्यतः मांसासाठी. चांगलं खाऊन-पिऊन त्या चार-पाच किलोपर्यंत जातात. म्हणजे त्याही काही लहान नव्हेत, पण दहा किलो विसरा.

ज्याचे व्हिडिओ बघून घरातली पोरं हट्ट धरतात तो ससा फ्लेमिश जायंट. बेल्जियममधल्या घेंट शहराच्या परिसरातली ही जुनी जात. अमेरिकेतल्या ससेपालकांच्या संघटनेने घालून दिलेल्या प्रमाणानुसार पूर्ण वाढलेला नर किमान १३ पौंडांचा, म्हणजे साधारण ५.९ किलोचा, आणि मादी किमान १४ पौंडांची, सुमारे ६.४ किलोची असावी लागते. वर मर्यादाच नाही. याच घराण्यातल्या कॉन्टिनेंटल जायंट जातीचा, इंग्लंडमधला डॅरियस नावाचा ससा २०१० साली मोजला तेव्हा १२९ सेंटीमीटर लांब भरला होता. तेव्हा खरेदीच्या वेळी एकच आग्रह धरा: आई-बाप दाखवा आणि काट्यावर ठेवा. विकणारा टाळाटाळ करू लागला तर काय ते समजून जा. आणि दुकानातून घेणार असाल तर हेही माहीत असू द्या की २०१८ च्या पेट शॉप नियमांत ससेही येतात, त्यामुळे दुकानाची राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी असायला हवी.

इथेच एक आडवळण घेतो, कारण आपल्या बेळगाव भागात हे दरवर्षी होतं. खानापूर, हल्याळकडे गवत कापताना किंवा ऊस तोडताना रानसशाचं पिल्लू सापडतं आणि कुणीतरी ते ‘आईने टाकलंय’ म्हणून घरी आणतं. आईने टाकलेलं नसतं. रानसशाची मादी पिल्लांना दिवसभर एकटंच सोडते आणि अंधार पडल्यावर येऊन पाजून जाते. आपला रानससा आणि पाळीव ससा या वेगळ्या प्रजाती आहेत, रानससा पिंजऱ्यात टिकत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो पकडणं-पाळणं गुन्हा आहे. होतं तिथेच ठेवून बाजूला व्हायचं.

अंग वाढतं, ताकद त्या मानाने वाढत नाही

लोकांचा समज असा की ससा मोठा म्हणजे दणकट. कुत्र्याएवढा आहे, अंगणात सोडला तरी काय होणार? गोष्ट उलटी आहे, आणि ती समजायला शाळेतलं गणित पुरतं.

साधा घरगुती ससा दोन किलोचा धरा आणि जायंट साडेसहा किलोचा. वजन सव्वातीनपट झालं. पण शरीर तिन्ही दिशांनी वाढतं, त्यामुळे लांबी जेमतेम दीडपट होते, आणि कातडीचं, तसंच तळपायाचं क्षेत्रफळ सव्वादोनपटीच्या आसपास राहतं. सव्वातीनपट वजन सव्वादोनपट तळव्यांवर उभं राहिलं, म्हणजे तळव्याच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर जवळजवळ दीडपट भार आला. तीच कथा कातडीची. अंगातली उष्णता कातडीतून बाहेर जाते, आणि एक किलो वजनामागे जायंटजवळ कातडी लहान सशापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी असते. सांध्यांचं, मणक्यांचं, हृदयाचंही असंच काहीसं होतं. लहान जातीचे ससे नीट सांभाळले तर आठ-दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त जगतात. फ्लेमिश जायंट साधारण पाच ते आठ वर्षं.

जायंट सशाच्या देखभालीतली बहुतेक पथ्यं या एका गणितातून निघतात. ते डोक्यात ठेवलं की पुढचं पाठ करावं लागत नाही.

पोट वैरणीचं आहे

सगळ्यात आधी खाणं, कारण पाळीव ससे आजारी पडतात ते बहुतांशी चुकीच्या खाण्यामुळे. माझं मत विचाराल तर ज्यांच्या घरी कधी म्हैस होती त्यांना ससा लवकर कळतो आणि ज्यांनी फक्त चित्रात गाजर खाणारा ससा बघितलाय त्यांना उशिरा. ससा हे वैरणीवर चालणारं जनावर आहे. फरक एवढाच की म्हैस रवंथ करते, ससा नाही. त्याचा कारखाना मागे आहे, मोठ्या आतड्याच्या तोंडाशी. तिथे अंधांत्र नावाची भली मोठी पिशवी असते आणि तिच्यातले जिवाणू गवताचा चोथा आंबवतात. त्यातून तयार होणाऱ्या मऊ, चकचकीत, एकमेकांना चिकटलेल्या लेंड्या ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. बघणाऱ्याला किळस येते, पण त्यातूनच त्याला प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं मिळतात. ते त्याचं औषध समजा, अडवू नका.

हा कारखाना चालू राहायला तंतू सतत आत जावा लागतो. आतडं थांबलं की जिवाणूंचा तोल बिघडतो, गॅस धरतो, दुखतं, दुखतं म्हणून खाणं बंद, आणि खाणं बंद म्हणून आतडं आणखी थंड. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं परत यायची वाट नाही. दहा-बारा तास ससा काहीच खात नसेल, लेंड्या बारीक झाल्या असतील किंवा थांबल्या असतील, तर ‘उद्या बघू’ म्हणायची सोय नाही. दातांचंही तेच. सशाचे सगळे २८ दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर. ते झिजतात गवत तासन्‌तास चघळून. चपाती किंवा बिस्किटं चावून नव्हे.

म्हणून रोजच्या खाण्यात पाचातले चार भाग सुकं गवत. साडेसहा किलोच्या सशाला दिवसाला २५० ते ३०० ग्रॅम धरा. महिन्याला आठ-नऊ किलो झालं, वर्षाला शंभर किलो. ससा तुडवून, ओलं करून जे वाया घालवतो ते वेगळं. हा आकडा बघून काहींचा उत्साह मावळेल, आणि मावळावा. दोन किलोच्या सशाला ऑनलाइन मागवलेली टिमोथी गवताची पिशवी परवडते. जायंटला तीच घालायची तर घराचं बजेट हलेल. सुदैवाने आपण वैरणीच्या मुलखात राहतो.

डोंगराचं गवत सगळ्यात चांगलं, पण वेळ साधली पाहिजे. पाऊस ओसरत असताना, कुसळं धरायच्या आत कापलेलं आणि जमेल तितकं सावलीत वाळवलेलं गवत हिरवट राहतं, त्याला वास गोड येतो. दिवाळीनंतर कापलेल्या गवतात कुसळं असतात. बैलाला त्याचं काही वाटत नाही, पण सशाच्या जिभेत, डोळ्यांत, गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीच्या झोळीत ती रुततात आणि आत पू होतो. बांधावरची हरळी वाळवून ठेवली तर उत्तम, मारवेल गवतही चालतं. शाळूच्या कडब्यातली पानं चालतात, जाड ताटं तो तशीच टाकतो. भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, खानापूर-बेळगावकडे स्वस्त आणि भरपूर, पण त्यात कस कमी. ते अंथरायला वापरा, तोंडी लावायला थोडं खाल्लं तर हरकत नाही, मुख्य जेवण म्हणून नको. कोवळी ज्वारी मात्र कधीच नाही. पोटरीत येण्याआधीची ज्वारी जनावरालाही कुणी घालत नाही, कारण तिच्यात सायनाइड तयार करणारा घटक असतो. साखर कारखाने सुरू झाले की वाड्याचे, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याचे, भारे दारोदार दिसतात. उसाचं वाडं म्हशीला ठीक आहे. सशाला एखादं पान द्या, भारा आणू नका.

लसूणघास ही हिरवीगार आणि सशांना प्रचंड आवडणारी वैरण. वाढत्या पिल्लाला आणि पाजणाऱ्या मादीला ती उपयोगी आहे, कारण प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर. पण सशाचं शरीर जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे टाकतं, त्यामुळे मोठ्या सशाला रोज लसूणघास घातली की लघवी चुन्यासारखी घट्ट पांढरी होते आणि मूत्राशयात खडा धरू शकतो. लहान जातीत सहा-सात महिन्यांनी ती बंद करतात. जायंटची वाढ वर्ष-दीड वर्ष चालते, तेव्हा त्याच्या बाबतीत हळूहळू कमी करत न्यावी. लघवीविषयी आणखी एक: ती कधी कधी नारिंगी, अगदी लालसर दिसते. बहुतेक वेळा ते पाल्यातलं रंगद्रव्य असतं, रक्त नव्हे. दोन दिवसांत रंग गेला नाही, किंवा ससा कुंथायला लागला, तर मात्र दाखवा.

हिरव्या पाल्यात आपल्याकडे चैन आहे. कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा पाला, शेपू, पुदिना, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, केळीचं पान. उचगाव-बेळगुंदीकडे रताळी काढतात त्या दिवसांत वेलांचे ढीग पडतात, तो वेल ससे आनंदाने खातात. पण रताळ्याच्या वेलाला जी परवानगी ती बटाट्याच्या पाल्याला नाही. बटाटा आणि टोमॅटो यांचा पाला विषारी. कोबी-फ्लॉवर गॅस धरतो. आणि कुठूनही पाला आणताना फवारणी कधी झाली ते विचारा; भाजीच्या मळ्यातून फुकट मिळालेली पेंढी महागात पडू शकते.

निपाणी-चिकोडीकडच्यांनी तंबाखूपासून विशेष जपायचं. वखारीच्या आसपास, पानं वाळत घातलेल्या पडवीत ससा मोकळा सोडायचा नाही. गाजरगवत, ज्याला आपण काँग्रेस म्हणतो, ते नावात गाजर असलं तरी विषारी आहे. घाणेरी, कण्हेर, धोतरा, रुई, एरंड हेही कुंपणापलीकडेच ठेवा.

खऱ्या गाजराचं काय? गोड कंद आहे. बोटाएवढा तुकडा, तोही रोज नाही. चपाती, भाकरी, भात, पोहे, बिस्किट यांतला पिष्टमय भाग त्या मागच्या पिशवीत जाऊन नको ते जिवाणू वाढवतो. आजी लाडाने चपातीचा तुकडा पुढे करते तेव्हा तिला नाही म्हणणं कठीण असतं, हे मान्य. तिच्या हातात कोथिंबिरीची जुडी द्या, लाड तेवढाच होतो. बेळगावच्या कुंद्याबद्दल, त्या खव्याच्या मिठाईबद्दल, वेगळं सांगत नाही.

गोळीखाद्य किलोमागे २० ते २५ ग्रॅमच्या वर नको, म्हणजे साडेसहा किलोला दिवसाकाठी फार तर दीडशे ग्रॅम. मांसाच्या सशांना लवकर वजन भरावं म्हणून जे खाद्य मिळतं ते घरच्या सशाला चरबी चढवतं. कोंबडीखाद्य तर चुकूनही नाही. त्यात मिसळलेली काही औषधं सशाला मारक ठरतात.

पाणी किती? किलोमागे ५० ते १५० मिलिलिटर, म्हणजे उन्हाळ्यात हा गडी दिवसाला लिटरभर पिऊ शकतो. पिंजऱ्याला अडकवायच्या बाटलीच्या नळीतून थेंब थेंब येतं, त्यावर जायंटचं भागत नाही. मातीचं जड परळ किंवा दगडी भांडं ठेवा. मादीच्या गळ्याखाली मोठी झोळ असते, ती वाकून पिताना भिजते आणि पावसाळ्यात तिथली कातडी कुजते. भांडं विटेवर उचलून ठेवलं की हा त्रास बराच कमी होतो.

बेळगावची हवा चांगली, पण सशासाठी?

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर आहे आणि इथल्या हवेचं कौतुक आपण पाहुण्यांना सांगत असतो. सशाला मात्र १५ ते २० अंश सेल्सिअस हवं असतं. २८-३० च्या पुढे त्याची ओढाताण सुरू होते. त्याला माणसासारखा घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग थंड करणंही नीट जमत नाही. भिस्त मुख्यतः कानांवर: कानांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तिथून उष्णता निघून जाते. जायंटचे कान मोठे, पण मागे सांगितलेल्या हिशोबात अंग त्याहून मोठं.

एप्रिल-मेमध्ये बेळगाव शहरात पारा पस्तिशीपलीकडे जातो, आणि पूर्वेला चिकोडी, रायबाग, अथणीकडे चाळिशीला टेकतो. तिकडच्या पत्र्याच्या घरात जायंट ससा पाळू नये, असं मी सरळ सांगेन. एक खोली दुपारभर थंड ठेवण्याची सोय असेल तरच विचार करावा. जुन्या कौलारू घराची, जाड भिंतींची माजघरातली खोली त्यासाठी उत्तम. स्लॅबखालची वरची खोली सगळ्यात वाईट, कारण स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेलाच असतो. नुसत्या पंख्यावर विसंबू नका. अंगाला घामच नसेल तर वाऱ्याने माणसाइतका गारवा मिळत नाही. कूलर अथणीच्या कोरड्या हवेत काम करतो, पण वळीव पडून गेल्यावर बेळगाव-खानापूरच्या दमट हवेत तोच कूलर घुसमट वाढवतो. त्यापेक्षा शहाबादी फरशी, आणि फ्रीजमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून शेजारी. वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून बाटल्या चार-पाच तरी तयार असू द्याव्यात.

उष्माघात ओळखायचा कसा? ससा लांब पसरतो, कान तापून लाल, नाकपुड्या जोरात हलतात, तोंड ओलं होतं, मग तोल जातो. कान पाण्याने ओले करा, पाय ओले करा, सावलीत न्या आणि डॉक्टर गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानेच जातो.

याच दिवसांत आणखी एक संकट गल्लीतून येतं. वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आपला अभिमान आहे, पण डॉल्बी दाराशी आली की भिंती हादरतात. ससा हा शिकार होणारा प्राणी. भीतीने तो भिंतीवर आदळून घेतो, किंवा त्या ताणाने दुसऱ्या दिवशी खाणं सोडतो. गणपतीत आणि दिवाळीतही तेच. मिरवणुकीच्या मार्गावर घर असेल तर त्या रात्रीपुरता ससा आतल्या खोलीत, दारं-खिडक्या बंद, भरपूर गवत पुढ्यात, आणि सकाळी लेंड्या मोजल्यासारख्या बघायच्या.

जाळीचा पिंजरा नको

बाजारात मिळणारा दोन फुटी पिंजरा, खाली तारेची जाळी, जाळीखाली ट्रे. साफसफाईला सोपा म्हणून खपतो. सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, फक्त दाट केस. दीडपट भाराखाली तारेवर उभं राहून टाचेजवळचे केस झडतात, कातडी लाल होते, फुटते, मग जखम हाडापर्यंत जाते. एकदा झाली की महिनोन्‌महिने बरी होत नाही. जायंटला जाळी पूर्ण वर्ज्य.

ब्रिटनमधली सशांच्या कल्याणासाठी काम करणारी संस्था दोन साध्या सशांच्या जोडीला तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच एवढी जागा सुचवते. जायंट मागच्या पायांवर उभा राहिला की उंचीही कमी पडते. तेव्हा पिंजऱ्याचा विचार सोडून एक खोली, बंदिस्त व्हरांडा किंवा जाळी मारलेली पडवी द्या. फरशी गुळगुळीत असेल तर पाय घसरून मांड्या फाकतात, म्हणून जाजम, चटई, वर पिंजराचा थर. लघवीला हे ससे एक कोपरा धरतात. तिथे गवंड्याचं मोठं घमेलं कागद आणि पिंजर घालून ठेवा. मांजराचा ट्रे यांना पुरत नाही. विजेच्या वायरी उचलून घ्या, कारण सशाच्या हिशोबी वायर म्हणजे मूळ, आणि मूळ म्हणजे कुरतडायचं. अंगणात सोडायचं तर तुम्ही तिथे हजर पाहिजे. गल्लीतल्या कुत्र्यांना वजनाचा धाक वाटत नाही.

पावसाळ्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे तीन-चार महिने काहीच नीट वाळत नाही, आणि जायंटच्या बाबतीत तेव्हा एकातून एक अडचणी निघत जातात. वजन वाढलेला किंवा सांधे दुखणारा ससा वळून स्वतःच्या शेपटीपर्यंत पोहोचू शकत नाही. मऊ लेंड्या खाल्ल्या जात नाहीत, बुडाला चिकटतात. केस ओले राहतात. माश्या तिथे अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या पडतात, त्या जिवंत मांस खातात. सकाळी धडधाकट दिसलेला ससा दुसऱ्या दिवशी हाती लागत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर रोज दोनदा शेपटीखाली बघणं हा नियम ठेवा. घाण दिसली तर कोमट पाण्याने तेवढाच भाग धुऊन पूर्ण कोरडा करा; अख्ख्या सशाला आंघोळ घालू नका. वैरण जमिनीपासून उंच फळीवर ठेवा. बुरशीचा वास आलेली पेंढी सशाला नाही, थेट उकिरड्यात. लघवी साचून अमोनियाचा वास आपल्या नाकाला लागला तर खाली बसलेल्या सशाच्या नाकाला तो केव्हाचा लागलेला असतो. शिंका आणि पांढरा शेंबूड बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो.

उचलणं. सशाच्या हाडांचं वजन एकूण वजनाच्या सात-आठ टक्केच असतं, पण मागच्या पायांचे स्नायू जबरदस्त. हवेत लोंबकळताना त्याने एक लाथ झाडली तर स्वतःचाच कणा मोडतो. कान धरून तर कधीच नाही. एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली, अंगाशी घट्ट. सात किलोचं हे ओझं दहा वर्षांच्या मुलाने उचलायचंच नाही, त्याने खाली बसून गोंजारावं. उताणा केला की तो निपचित पडतो आणि लोकांना गंमत वाटते. ते भीतीने गोठणं आहे. वजन करायला माणसाने ससा घेऊन काट्यावर उभं राहावं आणि आपलं वजन वजा करावं. दर पंधरा दिवसांनी आकडा लिहून ठेवा. केसांमुळे बारीक झालेला ससाही गुबगुबीत दिसतो, काटा फसत नाही.

जोडी आणणार असाल तर नर-मादीची खात्री दुकानदाराच्या शब्दावर नको, कारण लहान पिल्लांत भलेभले चुकतात. मादी समागमानंतरच बीज सोडते, गाभणकाळ ३० ते ३२ दिवसांचा, आणि विल्यानंतर लगेच ती पुन्हा गाभण राहू शकते. जायंट एका वेळी आठ-दहा पिल्लं सहज देते. पिल्लं नको असली तरी मादीची नसबंदी करणं शहाणपणाचं, कारण तीन-चार वर्षांपुढच्या माद्यांत गर्भाशयाचा कॅन्सर फार मोठ्या प्रमाणावर आढळतो.

डॉक्टर आधी, ससा नंतर

आपल्या भागातले पशुवैद्य गायी-म्हशी, शेळ्या आणि अलीकडे कुत्री यांत तरबेज. ससा हा वेगळाच विषय आहे, आणि त्यांच्याकडे तो क्वचित येतो. म्हणून ससा आणण्याआधीच जाऊन एक प्रश्न विचारा: ‘ऑपरेशन असेल तर आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का?’ कुत्र्याला ठेवतात. सशाला ठेवत नाहीत. उलटी होतच नाही आणि रिकामं आतडं थांबतं, त्यामुळे भुलेच्या आधी थोडा वेळ वगळता त्याला खाऊ द्यावं लागतं आणि शुद्धीवर आल्यावर लवकर खायला लावावं लागतं. उत्तर ‘रात्रीपासून काही देऊ नका’ असं आलं तर नमस्कार करून दुसरा दवाखाना शोधा. बेळगाव शहरात नाही जमलं तर निपाणी-चिकोडीकरांना कोल्हापूर जवळ आहे.

औषधांबाबत तीन गोष्टी स्वतःही लक्षात ठेवाव्यात, कारण मेडिकलमधून आणून द्यायची सवय सगळीकडे आहे. अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन जातीची अँटिबायोटिक्स सशाला तोंडावाटे दिली की पोटातले चांगले जिवाणू मरतात आणि जुलाब होऊन ससा दगावतो; क्लिंडामायसिन, लिंकोमायसिनचंही तसंच. कुत्र्याच्या गोचिडांवर लावतात ते फिप्रोनिल सशाला विष. कानात जाड खपल्या धरणारी खरूज आपल्याकडच्या सशांत नेहमीची, त्यावर आयव्हरमेक्टिन चालतं, पण मात्रा वजनावर ठरते. ती डॉक्टरनेच ठरवावी आणि इंजेक्शनही त्यांनीच द्यावं, गोठ्यातल्या बाटलीतून अंदाजाने काढून नव्हे.

रात्री-अपरात्री ससा खायचा थांबला तर आधी पोटावरून अलगद हात फिरवा. पोट मऊ असेल, कान थंड लागत असतील, तर फडक्यात गुंडाळून ऊब द्या, आवडीचा पाला पुढे करा, थोडं पाणी पाजा, आणि गोळीखाद्य पाण्यात भिजवून पातळ करून सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने थोडं थोडं द्या. पोट टणक, ताणलेलं असेल आणि ससा दात करकर खात असेल, तर तोंडातून काहीही घालायचं नाही. आत गॅस कोंडलाय किंवा अडथळा आहे, आणि वर भरवलेला एकेक घास पोट फोडेल. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही, रात्री उठणाऱ्या डॉक्टरचा नंबर फिरवायचा. तो नंबर ससा घरात यायच्या आधीच मोबाईलमध्ये हवा.